कॉलरच्या खाली

माणसं नोकरी का सोडतात असं विचारलं, तर उत्तरं फार भारदस्त मिळतात. "पुढे वाव नव्हता", "तत्त्वाचा प्रश्न होता", "वरिष्ठांशी मतभेद झाले". पण माणसं नोकरीत टिकतात का, हे जरा खोदून विचारा, मग खरी गंमत कळते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ऑफिसच्या दारातच बस थांबते, एवढ्यासाठी केस पिकेपर्यंत तिथे राहिले. मध्येच तो थांबा हलवला, तर गृहस्थ कासावीस झाले. राजीनामा द्यायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी घर बदललं. दुसऱ्या एका ऑफिसात दोन कारकून समोरासमोर बसायचे. "तो गेला की दुसऱ्या दिवशी मी जातो," असं दोघंही मला स्वतंत्रपणे सांगायचे. दोघंही एकाच दिवशी निवृत्त झाले आणि आता संध्याकाळी बागेत एकाच बाकावर, एकमेकांशी न बोलता बसतात.

आमच्या जिन्यावर समोरच्या दारात राहणारे वजनदादा याच पंथाचे. वजनदादा हे नाव त्यांच्या देहावरून पडलेलं नाही. देहावरून ठेवायचं तर काडीदादा म्हणावं लागलं असतं. ते शहराच्या वेशीवरच्या वजनकाट्यावर काम करतात. ट्रक येतो, लोखंडी फळीवर चढतो, दादा आकडा बघतात, पावती फाडतात, ट्रक उतरून चालता होतो. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या फळीवर तयार झालंय. "जाणारे जातात हो," ते म्हणतात, "काटा कुठे जातो?" त्यांच्या केबिनमधल्या खुर्चीला बरोबर त्यांच्या आकाराचा खळगा पडलाय. एकदा त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं होतं. "खुर्ची नवी देणार म्हणाले," दादा मला म्हणाले, "म्हणजे पुन्हा खळग्यापासून सुरुवात! नको म्हटलं."

अशा माणसाच्या बायकोने एका संध्याकाळी नोकरी सोडायचं ठरवलं, तर घरात काय होईल? पण ते पुढे येईल. आधी वहिनींची ओळख करून द्यायला हवी.

त्यांना सगळे कॉलरवहिनी म्हणतात. शर्टाच्या कारखान्यात त्या लग्नाआधीपासून कामाला. आपल्याला वाटतं, शर्टाच्या कारखान्यात लोक शर्ट शिवत असतील. छे! एका टोकाला कापड आत जातं आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठा घातलेला, टाचण्या टोचलेला शर्ट बाहेर पडतो हे खरं. पण मधल्या लांबलचक हॉलमध्ये शर्ट असा कुणीच शिवत नाही. एकजण फक्त खिसा लावते. एकजण फक्त कफ जोडते. काजंवाला काजं पाडतो. त्यात पुढे बटण जातं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हाका मारायच्या त्याही कामावरूनच. "ए खिसा, सरक की जरा!" "काज आज आला नाही का?" "डाव्या बाहीला ताप आलाय." बाहेरच्या माणसाला वाटावं, कपड्यांचा दवाखाना आहे. तिथल्या शर्टाला मावश्या, आत्या, काक्या ढीगभर. आई मात्र एकही नाही.

त्यातली डावी बाही आणि उजवी बाही या दोघी एकमेकींसमोर बसायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. भांडण कशावरून झालं होतं हे दोघींनाही आठवत नव्हतं, पण अबोला मात्र मन लावून पाळायच्या. शर्टांचे ढीग दोघींच्या मधून जायचे. आपल्या दोन हातांचं आपसांत पटत नाही, हे एकाही शर्टाला कधी कळलं नाही.

आणि कॉलर म्हणजे आमच्या वहिनी. दोन पदर, मध्ये बकरमचं कडक कापड, वरून शिलाई. ऐकायला सोपं वाटतं. पण टोक उलटवून बाहेर काढायला सराईत हात लागतो. इतरांची टोकं कधी बोथट निघायची, कधी एक इकडे बघतंय तर दुसरं तिकडे. वहिनींची टोकं चिमणीच्या चोचीसारखी निघायची. सवय इतकी झाली होती, की समोरून येणाऱ्या माणसाचं त्यांना तोंड दिसतच नसे, गळा दिसे. एकदा जिन्यात मी विचारलं, "काय वहिनी, बरं आहे ना?" तर माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "भावोजी, उजवं टोक वळलंय." दोन बोटांनी ते सरळ केलं आणि गेल्या. बरं आहे की नाही, ते राहूनच गेलं.

हॉलच्या टोकाला एक काचेची खोली होती. तिला सॅम्पल रूम म्हणायचे. कारखान्यातून कुठलाही नवा शर्ट निघायचा असला, की त्याचा पहिला नमुना तिथे तयार व्हायचा आणि तो मात्र पहिल्या कात्रीपासून शेवटच्या बटणापर्यंत एकच माणूस शिवायचा. त्या खोलीचे धनी मास्टर. मास्टरांचा स्वभाव शिंप्याच्या खडूसारखा. कोरडा, आणि हात लागेल तिथे रेघ ओढणारा. वहिनींचं मशीन नेमकं त्या काचेसमोर होतं. हात कॉलरवर आणि एक डोळा काचेवर, अशी त्यांनी निम्मी हयात काढली. आत सपाट कापड टेबलावर पसरायचं आणि बघता बघता त्याला खांदे फुटायचे, हात फुटायचे. इकडे वहिनींच्या बाजूला कॉलरींचा ढीग पडलेला असायचा. नुसत्या कॉलरी, खाली कुणी नसलेल्या.

"भावोजी," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "सबंध जन्म नुसती गाठ मारत बसायची आणि दोरी कशाला बांधलीय ते बघायचंच नाही, असं झालंय माझं. मला आता कॉलरच्या खाली उतरायचंय."

तशी संधी आली. नदीपलीकडे नवा कारखाना निघाला आणि आमच्या वहिनींच्या कारखान्याला गळती लागली. आज एक कफ गेली, उद्या एक इस्त्री गेली. मास्टरांचा मदतनीसही गेला आणि सॅम्पल रूममधलं दुसरं मशीन रिकामं झालं.

गळती थांबवायला कंपनीने एक मॅडम नेमल्या होत्या. मॅडम बाई म्हणून वाईट नव्हत्या. माणसं का जातात, हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं. फक्त उत्तर आपल्याकडे आहे त्याच सामानात बसावं, असं त्यांना वाटायचं. त्यांनी हॉलमध्ये थंड पाण्याचं मशीन बसवलं. जेवणाच्या खोलीत कॅरम आणला. वाढदिवसाला केक सुरू केला. भिंतीवर 'महिन्याचा मानकरी' म्हणून फोटो लावायला लागल्या. वहिनींचा फोटो इतक्यांदा लागला, की पुढे पुढे तो उतरवायचे कष्टही कुणी घेईनासं झालं.

वहिनी मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला सॅम्पल रूममध्ये घ्या."

"अहो, तुम्हाला?" मॅडम हसल्या. "तुम्ही तर आमच्या कॉलर आहात!"

"म्हणूनच म्हणते. कॉलर करून झाली."

"पण तुमच्यासारखी कॉलर दुसरं कुणी करत नाही. तुम्ही तिकडे गेलात तर लाइनचं काय?"

"म्हणजे मी वाईट शिवत असते तर सोडलं असतंत?"

मॅडमनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. "बसा ना. तुम्हाला नक्की काय कमी पडतंय ते सांगा. उजेड? पंखा? पाठीला उशी देऊ का?"

"काचेच्या पलीकडे उजेड आहे," वहिनी म्हणाल्या, "पंखाही आहे. उशीचं मी बघेन."

पुढच्या आठवड्यात वहिनींच्या खुर्चीवर एक मऊ उशी आली. मागणी अशी ऐकली गेली.

पण दरम्यान मास्टरांच्या कानावर गोष्ट गेली होती. जेवणाच्या सुट्टीत ते हॉलमधून जाता जाता थांबले. मास्टर थांबले म्हणजे आसपासचे चार घास तोंडातच राहायचे.

"आत यायचंय म्हणे?"

"हो."

"अख्खा शर्ट कधी शिवलाय?"

बाजूची डावी बाही उगाच डबा चाचपायला लागली.

"शिवून बघा," मास्टर म्हणाले. "काचेतून सगळंच सोपं दिसतं." आणि गेले.

वहिनींना राग आला. आणि वहिनींचा राग हा चिडचिडीत वाया जाणारा राग नव्हे, तो कामाला लागतो. त्याच रविवारी त्यांनी घरात बारीक रेघांचं कापड आणलं आणि जेवायचं टेबल भिंतीला लावलं. मदतीला डावी बाही आली. काम करताना अनुभवी माणूस हाताशी हवा, असं वहिनींचं म्हणणं. अनुभव दोघींकडे भरपूर होता. फक्त तो एका शर्टाला पुरेल एवढा नव्हता.

संध्याकाळी दादांना हाक आली. "अहो, इकडे या. घालून बघा."

मी नेमका तेव्हा वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो, म्हणून हा प्रसंग मला डोळ्यांनी बघायला मिळाला. कॉलर, काय सांगू, एखाद्या राजदूताला शोभावी अशी. दादांनी डावा हात घातला. झकास. उजवा हात घातला आणि त्यांचा खांदा मागे ओढला गेला, कोपर पाठीकडे गेलं, छाती पुढे आली. माणूस विहिरीत सूर मारायच्या तयारीत असतो तसे दादा खोलीच्या मध्यावर उभे.

"हात खाली घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"घेतलाय," दादा म्हणाले. "एवढाच येतोय."

डाव्या बाहीने जवळ येऊन बघितलं, उजवा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जुळते ती जागा, चाचपला, आणि मटकन स्टुलावर बसली. "बाई गं! अगं, ही पण डावीच शिवली की मी!"

आता झालं होतं असं, की बाहीचा पुढचा भाग जास्त खोलगट कापतात आणि मागचा कमी. डाव्या बाहीने इतकी वर्षं फक्त डाव्या बाह्याच बघितल्या होत्या. तिने सवयीने एक कापली, तशीच दुसरी कापली, आणि निष्ठेने दोन्ही जोडल्या. उजवी बाही अशी काही वेगळी वस्तू जगात असते, हे अबोल्यामुळे तिच्या डोक्यातूनच गेलं होतं.

मला हसू आवरेना. दादाही हसले, पण शर्टामुळे त्यांना अर्धंच हसता आलं. डाव्या बाहीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दादांच्या अंगावरून शर्ट काढला, ब्लेड घेतलं आणि उजवी शिलाई उसवायला बसल्या.

"अगं, राहू दे आता," दादा म्हणाले. "मी घरात घालत जाईन. एका हाताने चहा पिता येतो यात."

"तुम्ही तसाच घालाल, मला माहितेय," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "म्हणून तर उसवतेय."

त्यानंतर आमच्या जिन्याला रविवार उरला नाही. दिवसभर मशीनची घरघर. दादांच्या अंगावर शर्टांमागून शर्ट चढले. कुणाचा खांदा घसरलेला, कुणाची बटणपट्टी गुडघ्याकडे तोंड करून चाललेली. एकाचा खिसा इतका वर होता, की पेन ठेवलं की हनुवटीला टोचायचं. दादांनी एकाही शर्टाला नाव ठेवलं नाही. ते काट्यावर तसेच जायचे. ट्रकवाले विचारायचे, "दादा, ही कुठली फॅशन?" दादा म्हणायचे, "आमच्याकडची. बाजारात यायला वेळ आहे." कापड वाया गेलं म्हणून वहिनी हळहळल्या असतील, पण थांबल्या नाहीत. उजव्या बाहीलाही त्यांनी एकदा घरी बोलावलं. डाव्या बाहीने त्या दिवशी "डोकं दुखतंय" म्हणून निरोप पाठवला.

आणि इकडे कारखान्यात त्यांनी दुसरा मोर्चा उघडला. आपल्यावाचून अडतं, म्हणून आपल्याला सोडत नाहीत. मग अडू द्यायचंच नाही! शेजारच्या मशीनवर एक नवी मुलगी आली होती. वहिनींनी तिला कॉलर शिकवायला घेतली. टोक कसं कातरायचं, किती शिलाई सोडायची, उलटवताना नखाचा दाब कुठे द्यायचा. सगळं हातचं न राखता. एरवी कारागीर आपली खुबी मरेपर्यंत मुठीत ठेवतो. वहिनींनी मूठ उघडली, कारण त्यांना हात मोकळे हवे होते. मुलीच्या कॉलरची टोकं चोचीसारखी निघायला लागली, तसं वहिनी तिला घेऊनच मॅडमपुढे गेल्या.

"ही बघा तुमची कॉलर. आता मला आत घ्या."

मॅडमनी कॉलर उजेडात धरली. एका बाजूने बघितली, दुसऱ्या बाजूने बघितली. त्यांचा चेहरा असा उजळला, की वहिनींना वाटलं, झालं!

"हे तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"एकटीने?"

"हो."

"अहो, मग तुम्ही इतके दिवस मशीनवर काय करताय?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आजपासून तुम्ही कॉलर प्रशिक्षक! वेगळं टेबल देते. सगळ्या लाइनना तुम्ही कॉलर शिकवायची!"

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या, पायातल्या चपला दारात काढल्या आणि दादांना म्हणाल्या, "मला बढती दिली. मी नोकरी सोडतेय."

दादांच्या हातातला कप बशीवर टेकला. मघाशी म्हटलं ना, घरात काय होईल? काहीच झालं नाही.

"बढती दिली म्हणून सोडतेस?" दादा म्हणाले.

"हो."

"लोक न दिल्यामुळे सोडतात."

"लोकांना बढती हवी असते. मला शर्ट हवाय."

"आणि नाही जमलं बाहेर?"

"तर नाही जमलं. पण इथे राहिले तर जमणार नाही हे नक्की आहे. अहो, तुम्ही सांगा, तुमच्या काट्यावर फक्त पुढची चाकं चढली आणि ट्रक परत गेला, असं रोज झालं तर?"

दादांनी खूप विचार केला. वजनाच्या बाबतीत ते थट्टा करत नाहीत.

"तर मला झोप लागणार नाही," ते म्हणाले. मग कप उचलून म्हणाले, "सोड."

कंपनीची एक जुनी रीत होती. नोकरी सोडून जाणाऱ्याला निरोप म्हणून लाइनवरचा एक शर्ट द्यायचा. डब्यात घालून, वर रिबन बांधून. सगळे जमायचे, मॅडम हातात डबा द्यायच्या, टाळ्या व्हायच्या, लोक पुन्हा मशीनवर. जाणाऱ्याने घरी जाऊन डबा उघडला, की त्यात स्वतःचं काम कुठलं ते तेवढं त्याला ओळखू यायचं. खिसा नुसताच खिसा बघायची, कफ नुसताच कफ.

वहिनींचा शेवटचा दिवस आला. मॅडमनी डबा पुढे केला. वहिनींनी हात मागे घेतले.

"शर्ट नको मॅडम. कापड द्या."

"कापड?"

"एका शर्टापुरतं. आणि आजचा दिवस ती खोली." त्यांनी काचेकडे बोट केलं. "माझा निरोपाचा शर्ट मीच शिवते."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मॅडमनी मास्टरांकडे बघितलं. मास्टरांनी छताकडे बघितलं. मग खिशातून टेप काढून त्यांनी गळ्यात अडकवला आणि काचेचं दार उघडून धरलं. मास्टर कुणासाठी दार धरतात, हे कारखान्याने पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशीचं सगळं मला वहिनींनी आणि डाव्या बाहीने दोघींनी सांगितलं. दोघींच्या सांगण्यात एवढाच फरक, की डाव्या बाहीच्या गोष्टीत डाव्या बाहीला जास्त काम आहे.

"माप कुणाचं?" मास्टरांनी विचारलं.

"खोलीत तुम्हीच आहात," वहिनी म्हणाल्या. "उभे राहा."

मापं घेतली. खडूच्या रेघा पडल्या. कात्री चालली. बाहेर मशीनं सुरू होती, पण त्यांचा आवाज हळूहळू विरळ होत गेला. आधी खिसा उठून काचेशी आली. मग काजंवाला. मग इस्त्रीवाले. जो तो आपापल्या भागाची वाट बघत होता. खिसा लागायला लागला तशी खिशाने काचेवर बोट ठोकून "वर, वर!" अशी खूण केली. कफ आला तेव्हा कफवाल्या बाईने दोन्ही मनगटं हवेत नाचवली. काचेमुळे आत एकही शब्द ऐकू जात नव्हता. आतून बघताना, मास्टर म्हणाले, मत्स्यालयासारखं दिसत होतं. फक्त मासे कोणत्या बाजूला ते कळत नव्हतं.

मग बाह्या आल्या. डावी लागली. उजवीला वहिनींनी टाचण्या लावल्या, उचलून बघितलं, काढल्या. पुन्हा लावल्या, शिलाई मारली, शर्ट उलटला. मुंढ्यात चुणी पडलेली. त्यांनी ब्लेड घेतलं. काचेपलीकडे हाहाकार. डावी बाही हात फिरवून एक सांगतेय, तिच्या शेजारी उजवी बाही हात फिरवून बरोबर उलटं सांगतेय, आणि त्या भरात दोघी एकमेकींवर ओरडल्या. "तुला काय कळतंय उजवीतलं!" "तुझ्यापेक्षा जास्त!" एवढ्या वर्षांचा अबोला मोडला तो असा.

वहिनींनी एकदा त्या सगळ्या हातांकडे बघितलं. मग स्टूल उचललं, फिरवलं, आणि काचेकडे पाठ करून बसल्या. वहिनींनी शिलाई उसवली, दोरे वेचले, मुंढा मांडीवर पसरून तळहाताने सपाट केला, आणि बाही हळूहळू, थोडी थोडी ढील देत बसवली. या वेळी टाचण्या लावल्याच नाहीत. बोटांनीच धरली.

दिवस उतरायला आला तेव्हा मास्टरांनी शर्ट घातला. आरशासमोर उभे राहिले. दोन्ही हात वर केले, खाली घेतले, पुढे घेतले. वाकले. खुर्चीवर बसून उठले. कॉलरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बटणं जरा सैल आहेत," ते म्हणाले.

वहिनींनी सुईत दोरा ओवायला घेतला.

"बाकी," मास्टर म्हणाले, "शर्ट आहे."

मास्टरांनी कशालाही नुसतं शर्ट म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते म्हणायचे "कापड घातलंय", "पिशवी झालीय", "उशीचा अभ्रा".

मॅडम आत आल्या. मागे सगळी लाइन बंद पडलेली त्यांना दिसत होती; पण त्यांनी तिकडे बघितलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. "मी वर बोलते. सकाळी कॉलर शिकवा, दुपारी इथे बसा. अर्धा दिवस ही खोली तुमची."

वहिनींना मोह झाला नाही असं नाही. त्या मला म्हणाल्या, "भावोजी, खुर्ची तिथेच होती हो. हात पुढे केला असता तर मिळाली असती." त्यांनी कात्री पुसली, जागेवर ठेवली.

"मॅडम, तुम्ही चांगल्या आहात," त्या म्हणाल्या. "पण अर्ध्या कामाला कंटाळूनच चाललेय मी. आता अर्ध्या दिवसासाठी कशी राहू?"

निघताना मास्टरांनी त्यांना एक पत्ता तोंडी सांगितला. त्यांच्या चुलतभावाचं बाजारामागच्या गल्लीत छोटंसं टेलरिंगचं दुकान होतं. पगार कारखान्यापेक्षा कमी, पंखा एक, तोही मालकाकडे तोंड केलेला. पण गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि त्याचा कपडा एकच हात शिवतो.

तिथे वहिनींसोबत मी गेलो होतो. दादांना काट्यावरून सुट्टी मिळाली नाही, आणि वहिनींना आपलं घरचं मशीन न्यायचं होतं. हाताखालचं मशीन म्हणजे घरचं माणूस, असं त्यांचं मत. त्या घरच्या माणसाचं वजन काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं. जिना उतरून, गल्ली ओलांडून, दुकानाची पायरी चढेपर्यंत माझी कंबर माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

दुकानदार गोलमटोल, बोलका माणूस. वहिनींना बघून त्याने कात्री टाकली आणि पुढे आला.

"या, या! भाऊने सगळं सांगितलंय. कॉलरवाल्या बाई ना तुम्ही? अहो, ऐकूनच मी ठरवून टाकलं. आपल्या दुकानातल्या सगळ्या कॉलरी तुम्ही करायच्या! बाकीचं माझे हे दोन कारागीर बघतील. नुसती कॉलर! आसपासची दुकानंसुद्धा आपल्याकडे कॉलरी पाठवतील, बघा तुम्ही!"

मी मशीन ठेवायला टेबलाकडे वळलो होतो.

"भावोजी, ठेवू नका," वहिनी म्हणाल्या.

मी तसाच वाकलेला राहिलो. सरळ होणं एरवीही शक्य नव्हतं.

"का हो? कुठे निघालात?" दुकानदार गोंधळला.

"दुसरीकडे."

"अहो, आत्ता तर आलात!"

"हो ना," वहिनी पिशवी खांद्याला लावत शांतपणे म्हणाल्या. "पहिली नोकरी सोडायला मला निम्मं आयुष्य लागलं. आता सराव झालाय, वेळ लागत नाही. चला भावोजी."

त्या खरोखर पायरी उतरल्या. रागावल्या नव्हत्या, नाटक तर मुळीच नव्हतं. गल्लीत उजवीकडे जायचं की डावीकडे, याचा त्या विचार करत होत्या. मी मशीन छातीशी धरून दुकानदाराकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे; पण तो घाईघाईने बाहेर आला.

"बरं, बरं! अहो बाई, थांबा! तुम्हाला काय करायचंय ते तर सांगा!"

"शर्ट," वहिनी म्हणाल्या.

"अख्खा?"

"कापण्यापासून बटणापर्यंत. गिऱ्हाइकाचं मापही मीच घेणार."

दुकानदाराने डोकं खाजवलं. आत बाकावर एक पोट सुटलेला माणूस हातात कापडाची घडी घेऊन केव्हाचा बसला होता आणि हा सगळा प्रकार मन लावून ऐकत होता. दुकानदाराने त्याच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या मशीनकडे बघितलं, आणि गळ्यातला टेप काढून वहिनींच्या हातात दिला.

वहिनी आत आल्या. त्यांनी आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, मग गळ्याकडे, मग खांद्यांकडे, आणि मग थेट खालपर्यंत.

"उठा काका," त्या म्हणाल्या. "सरळ उभे राहा. आणि पोट आत घेऊ नका, शर्ट रोज घालायचाय."